पिचकाऱ्यांची गळती आणि वकीलसाहेबांची अंघोळ

माझ्यावर चोरीचा आळ आला तो एका काठीमुळे. काठी वेताची, मुठीला चांदी. मुंबईच्या कोर्टात साहेबांनी ती फरशीवर नुसती टेकवली की समोरचा साक्षीदार म्हणे अर्धा फुटायचा. पण लढाई सुरू झाली, मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली, निम्मी मुंबई आमच्या लोणावळ्यात येऊन बसली आणि साहेबही वकिली गुंडाळून आपल्या बंगल्यात कायमचे राहायला आले. काठीला काम उरलं नाही, साहेबांना अशील उरले नाहीत. मग साहेबांनी चाकूनं काठीवर खुणा केल्या आणि रोज सकाळी चहाच्या आधी ती मोटारीच्या टाकीत बुडवून तेल मोजायला सुरुवात केली. आणि उलटतपासणीला त्यांना मिळालो मी.

मी त्या मोटारीचा ड्रायव्हर. गाव मळवलीच्या अलीकडचं, घरी भाताची शेती, थोरला भाऊ ती बघायचा. मी लॉरीवर हात साफ करून बंगल्यावर लागलो होतो. खाकी कोट, डोक्याला टोपी आणि गॅरेजच्या मागं राहायला एक खोली. संध्याकाळी बाजारपेठेतून मोटार नेताना मी मान इतकी ताठ ठेवायचो, की एकदा लचकलीसुद्धा होती.

मोटार मात्र भलतीच होती. एका संस्थानिकाचा खटला साहेबांनी चालवला होता, त्यानं ती खूश होऊन दिली होती. की वैतागून दिली, याचा मला आजही संशय आहे. परदेशी, जुनी झालेली, आणि पेट्रोलवर न चालणारी! डिझेल तेव्हा आमच्याकडे लोकांना ठाऊक होतं ते एखाद्या लॉरीत, नाहीतर भाताच्या गिरणीच्या इंजिनात. डिझेलवर चालणारी मोटार आसपास कुणी पाहिली नव्हती. ती सुरू केली की अगदी गिरणीसारखा खडखडाट व्हायचा. कार्ल्याच्या रस्त्याला डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया बाजूला सरकायच्या आणि ओरडायच्या, “आली गं गिरनी! भात आना भरडाया!” मी टोपी सरळ करून, जणू दुसऱ्याच मोटारीला म्हणताहेत अशा थाटात पुढं जायचो.

तर त्या आषाढात काठी बोलायला लागली. खंडाळ्याच्या चढापर्यंत जाऊन यायला किती तेल लागतं, स्टेशनापर्यंत किती, बाईसाहेबांना भजनाला सोडायला किती, हे सगळं साहेबांनी मनात पक्कं बसवलं होतं. त्याच्यापेक्षा जास्त तेल जात होतं. आधी थोडं, मग बरंच. लढाईचे दिवस, तेल परवान्यावर मिळायचं, आणि ते कुठंतरी जात होतं.

मला व्हरांड्यात बोलावणं आलं. साहेब आरामखुर्चीत, काठी मांडीवर आडवी. बाईसाहेब शेजारी लोकर विणत बसलेल्या, पण सुया थांबलेल्या.

“तू तेल विकतोस. हो की नाही, एवढंच सांग.”

“नाही साहेब.”

“म्हणजे फुकट देतोस.”

“कुणालाच देत नाही साहेब.”

“मग पितोस काय?”

“साहेब, ते डिझेल आहे.”

“पाहा!” साहेब बाईसाहेबांकडे वळून विजयानं म्हणाले, “चव ठाऊक आहे याला.”

मला हसू आलं, आणि तीच माझी चूक झाली. कारण हसणारा आरोपी हा मुरलेला आरोपी, असं साहेबांचं ठाम मत होतं. त्यांनी काठी टेकवली. “शनिवारपर्यंत मला चोर हवा. चोर मिळाला नाही तर चोर तूच. टोपी आणि कोट इथं ठेवून जायचं.”

आता तुम्ही म्हणाल, गेली एक नोकरी तर गेली. पण लोणावळ्याचे बंगले एकमेकांकडे चहा प्यायचे. तेलचोर म्हणून या फाटकातून बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या कुठल्याही फाटकातून कुणी आत घेणार नव्हतं. मग भावाच्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून भाताचं आवण लावत बसायचं. आणि मला चिखलापेक्षा स्टिअरिंग फार आवडायचं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

म्हणून मी चोर शोधायला निघालो. बंगल्यावर मी, साहेब, बाईसाहेब आणि आबा एवढीच माणसं. स्वतःला मी वगळलं. साहेबांना वगळावं की नाही यावर एक दुपार घालवली; रिकामा वकील काय करील सांगता येत नाही. शेवटी उरले आबा.

आबा म्हणजे बंगल्याचे रखवालदार, माळी, पाणक्या, सगळंच. मळवलीच्या मागं डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. आयुष्य बैलांमागं गेलेलं. मोटारीलाही ते जनावरच मानायचे. दगडी फरशीवर जनावर उघडं उभं करायचं नसतं म्हणून संध्याकाळी मोटार आत घेतली, की ते तिच्या पोटाखाली भाताचा पेंढा सरकवायचे आणि पहाटे, मी उठायच्या आत, तो काढून गॅरेज झाडून घ्यायचे. मी मोटार बाहेर काढायला यायचो तेव्हा फरशी आरशासारखी. एवढी माया करणारा माणूस चोरी करील? पण पावसात कंदील लावून ते उशिरापर्यंत बसलेले दिसायचे, आणि रॉकेल तर मोठ्या मुश्किलीनं मिळायचं. मी एकदा ते गोठ्याकडे गेलेले पाहून त्यांच्या कंदिलाला नाक लावलं. वास रॉकेलचाच. नाक वर केलं तर समोर आबा, डोक्यावर इरलं, आणि इरल्यातून पाणी गळतंय.

“काय हुंगतुयास?”

“काही नाही, आबा. काच काळी झालीय.”

“काच नाकानं पुसत्यात व्हय?” ते जवळ आले आणि माझ्या कोटाची बाही उचलून त्यांनी हुंगली. “तुज्या अंगाला त्येलाचा वास येतुया, डायवर.”

“मी ड्रायव्हर आहे, आबा. मला अत्तराचा वास कुठून येणार?”

“चोरबी असंच म्हनतो.” मग ते खाली बसले, चंची सोडली आणि पानाला चुना लावत म्हणाले, “हे बग. सायबांनी मला तुज्यावर नजर ठिवाया सांगितलंया.”

“मला तुमच्यावर ठेवायला सांगितलंय.”

आबांनी विचार केला. “मंग असं करू. समोरासमोर बसत जाऊ. दोगांचंबी काम व्हईल.”

आणि खरंच, दोन संध्याकाळी आम्ही गॅरेजच्या दारात समोरासमोर बसलो. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे. अधूनमधून साहेब छत्री घेऊन कुंपणाशी फिरायचे आणि आम्ही दोघं एकमेकांवर नीट नजर ठेवतोय ना, यावर नजर ठेवायचे. चोराला त्या बंगल्यात घुसायला जागाच राहिली नव्हती. तरी सकाळी काठी कोरडी ती कोरडीच.

मी इंजिन बघितलं नाही असं समजू नका. झाकण उघडून रोज बघत होतो. पण मला इंजिन चकचकीत ठेवायची हौस. सकाळी फडकं मारायचो, मग बघायचो. पुसल्यावर काय दिसणार?

या सगळ्यात एकच गोष्ट सुखाची होती, ती म्हणजे अंघोळीचं पाणी. लोणावळ्याच्या पावसात सरपण पेटत नाही. आजूबाजूच्या बंगल्यांतली मंडळी धुराच्या वासाच्या कोमट पाण्यानं कशीबशी उरकायची आणि दिवसभर शिंकायची. आमच्याकडे मात्र आबांचा बंब भल्या पहाटे असा काही पेटायचा, की न्हाणीघरातून वाफेचे ढग निघायचे. साहेबांच्या आयुष्यात आता दोनच आनंद उरले होते, एक माझी उलटतपासणी आणि दुसरी कढत पाण्याची अंघोळ. बाईसाहेब आबांचं कौतुक सगळीकडे सांगत सुटल्या होत्या. शेजारच्या बंगल्याला तर दाट संशय होता, की आम्ही काळ्या बाजारातून कोळसा आणतो.

शुक्रवार उजाडला. शनिवारच्या भीतीनं मी त्या दिवशी आबांच्याही आधी उठलो आणि खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आबा आले. मोटारीखालचा पेंढा कवटाळून बाहेर काढला, नवा कोरडा पेंढा कोपऱ्यात टाकला आणि जुना पेंढा घेऊन उकिरड्याकडे न जाता न्हाणीघराकडे वळले. गोठ्यातला ओला पेंढा उकिरड्यात जातो, हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा पेंढा न्हाणीघराकडे का? मी पाय न वाजवता मागं गेलो. आबांनी बंबाच्या तोंडाशी बसून पेंढ्याची एक गुंडाळी आत सारली, काडी लावली, आणि भप्पकन असा जाळ झाला की त्यांच्या मिशा लाल दिसल्या. काळा धूर. आणि वास, माझ्या कोटाचा!

मी “आबा!” म्हणायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी न्हाणीघराच्या पलीकडच्या कर्दळीतून आवाज आला, “पकडला!”

कर्दळी हलल्या आणि छत्री, मफलर, काठी, चष्मा अशा क्रमानं साहेब बाहेर आले. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून ते आबांवर स्वतःच पाळत ठेवून होते. गडबड ऐकून बाईसाहेबही शाल ओढत आल्या. आणि तिथंच, पावसात, बंबाच्या उजेडात, खटला उभा राहिला.

“हे काय आहे?” साहेबांनी काठीनं पेंढा उचलला.

“पेंढा.”

“याला वास कसला येतो?”

“गाडीचा.”

“म्हणजे गाडीचं तेल तू पेंढ्यावर ओततोस. हो की नाही, एवढंच सांग.”

“मी कशापायी वतू? ती आपली आपुनच करती.”

“काय करते?”

आबांनी बाईसाहेबांकडे पाहिलं, अवघडले, मग साहेबांच्या कानाशी जाऊन, पण सगळ्या लोणावळ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “मुतती.”

साहेब माझ्याकडे वळले. कोर्टात त्यांचा चेहरा असा कधी झाला असेल असं मला वाटत नाही. “मोटार… मुतते?”

“रातभर उभं ऱ्हायलेलं जनावर मुतनारच की, सायेब,” आबा म्हणाले. “म्हनून तर पेंढा घालतुया. बाईसायबांच्या फरशीवर घान नको. वल्ला पेंढा लय झ्याक पेटतो, म्हनून बंबाला लावला. ह्यात काय चुकलं?”

मी धावत गॅरेजमध्ये गेलो, फरशीवर उताणा झोपलो आणि मोटारीच्या पोटाखाली डोकं घातलं. इंजिनाखाली पत्र्याची एक उथळ परात असते; दिवसभर गळलेलं तेल तिच्यात साचायचं आणि रात्रभर ठिबकायचं. तिच्या कडेला एक थेंब लोंबत होता. तो माझ्या कपाळावर पडला. मला आयुष्यात एवढा आनंद कशानंच झाला नसेल. “साहेब! गळतंय! गळतंय, साहेब!” मी खालून ओरडलो.

“बाहेर ये आणि सिद्ध कर,” साहेब म्हणाले.

सिद्ध करायला मी बाईसाहेबांकडे वाटीभर तांदळाची पिठी मागितली. त्यांनी ती दिली, पण “आंबेमोहोराची आहे, सांभाळून,” असं बजावून. मी इंजिन पुसून खडखडीत कोरडं केलं आणि त्यावर पिठी भुरभुरवली. सगळं इंजिन पांढरं झालं. मग मोटार सुरू केली. चौघंही झाकणाखाली डोकी घालून उभे.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगीनं पेट लागत नाही. पंप तेल जोरानं ढकलतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेला इंजेक्टर ते बारीक फवाऱ्यानं आत मारतो. मी त्याला पिचकारीच म्हणायचो. पिचकारीत जादा झालेलं तेल एका बारीक नळीनं परत टाकीकडे जातं. ती नळी पिचकारीला जिथं बोल्टनं आवळतात तिथं वर-खाली तांब्याच्या चपट्या चकत्या असतात. सगळी मदार त्या चकत्यांवर.

इंजिन तापलं. आणि पहिल्या पिचकारीभोवती पांढऱ्या पिठीवर एक करडं कडं उमटलं. मग दुसरीभोवती. कडी ओली झाली, त्यांना ओघळ फुटले.

“अगबाई,” बाईसाहेब म्हणाल्या, “रडतंय ते.”

मी विजयानं साहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. “गळतंय, हे मान्य. पण ते आजच तू ढिलं केलं नाहीस, कशावरून?”

“साहेब, आबांचा पेंढा…”

“आबा तुझा साक्षीदार? काल तर तुम्ही एकमेकांवर पाळत ठेवत होता. दोन संध्याकाळी समोरासमोर बसून काय ठरवत होता?” त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे मी एका चोराला शोधत होतो आणि ही टोळी निघाली.”

आबांनी डोक्यावरचं इरलं काढून खाली ठेवलं. हे त्यांचं रागावणं. पण बाईसाहेब मध्ये पडल्या आणि मला रविवार सकाळपर्यंत मुदत मिळाली. गळती बंद करायची. काठीनं कबुली दिली, तर राहायचं. नाहीतर मी आणि आबा, दोघांनी जायचं.

चकत्या उघडून पाहिल्या तर दाबून दाबून पातळ झालेल्या, एकीला तर चीर गेलेली. नव्या कुठून आणायच्या? मोटार ज्या मुलुखातली, त्याच मुलुखाशी लढाई चाललेली. पार्सल मागवलं असतं तर साहेबांना माझ्यावर हेरगिरीचाही आळ घेता आला असता. मी जुनी चकती खिशात घालून आगगाडीनं वडगावला तांबटाकडे गेलो.

तांबट म्हणजे नाटकातला राजा. समोर हंडे, घागरी, बंब चमकतायत आणि मध्ये हा मिशांना पीळ देऊन बसलेला. चकती त्यानं बोटावर ठेवून फुंकली. “ही कशाची? बाळाच्या वाळ्याची?”

“मोटारीची. अशाच हव्यात, तंतोतंत.”

“तंतोतंत? अरे, याच्यात काही कामच नाही. नुसता पत्रा आहे. माझ्या दुकानातून असा माल जात नाही. संध्याकाळी ये.”

संध्याकाळी त्यानं लाल फडक्यात बांधलेल्या चकत्या माझ्या हातावर ठेवल्या. काय देखण्या होत्या! हंड्यावर माठारकाम करतात ना, हातोडीचे एकाला एक लागून ठोके, ज्यानं भांडं लुकलुकतं, ते त्यानं प्रत्येक चकतीवर, दोन्ही अंगांनी केलं होतं. आमच्याकडे तांब्याची वस्तू अशी ठोके दिल्याशिवाय पुरी झाली असं कुणी मानत नाही. मीही मानलं नाही. परत येताना आगगाडीच्या डब्यात मी त्या चारचौघांना दाखवत आलो. एकजण म्हणाला, “मुलीच्या नथीला शोभतील.”

आबांनाही आवडल्या. साहेबांनीसुद्धा भिंगातून पाहून मान डोलावली. मी त्या बसवल्या, बोल्ट आवळले आणि खंडाळ्याचा चढ चढून आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी मला हाक मारून उठवलं. पेंढा पिळला तर तेल पडेल इतका भिजलेला. काठी एवढी कोरडी कधीच निघाली नव्हती. बंब असा रसरसला की साहेबांना दोन बादल्या गार पाणी मागावं लागलं. न्हाणीघरातून बाहेर येताना ते लालबुंद होते, अंगानं आणि रागानंही.

“चोराला जाताजाता घाई झालेली दिसते,” ते म्हणाले.

मी चकत्या पुन्हा काढल्या आणि उजेडात धरल्या. मग उलगडलं. प्रत्येक ठोका म्हणजे एक खळगा. खळग्याखळग्यातून तेल वाट काढून निघालेलं. शिवाय तांबं हातोडीनं ठोकलं की कडक होतं. चकती मऊ हवी, आवळली की तिनं दबून फटीत बसायला हवं. ही तर रुपयासारखी कडक. तांबटाच्या सगळ्या कलेनं माझा घात केला होता! आणि मला त्याही क्षणी वाटलं, की त्यानं हे मुद्दाम तर केलं नसेल? साहेबांचा संशय अंगाला लागतो, खरूज लागते तसा.

आता ठोके घासून काढायचे तर अगदी सपाट, बारीक दगड हवा. असा दगड बंगल्यात एकच होता, बाईसाहेबांच्या देवघरातली गंध उगाळायची सहाण. ती मी मागितली असती तर मिळाली नसती. म्हणून मी मागितली नाही. बाईसाहेब भजनाला गेल्या, मी सहाण कोटाखाली घालून गॅरेजमध्ये आणली. तेव्हा आबा दारात येऊन उभे.

“आता सायबांनी धरलं तर?”

“तर खरा चोर मिळेल त्यांना.”

आबा गुडघ्यांवर हात ठेवून हसले आणि समोर बसून पाण्याची धार धरू लागले. मी गोल गोल घासत राहिलो. लुकलुकणारे ठोके एकेक करून विझले. एकच चकती मी तशीच ठेवली, जादा होती म्हणून, आणि मन होईना म्हणूनही.

मग चकत्या मऊ करायच्या होत्या. तांबं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की ते मऊ पडतं. हे लॉरीवर असताना उस्तादानं शिकवलेलं, पण दोनचार शिव्यांसकट शिकवल्यामुळे शिव्या लक्षात राहिल्या होत्या आणि बाकीचं आत्ता आठवलं. जाळ हवा होता जोराचा. आबांनी त्या दिवशीचा उरलेला भिजका पेंढा बंबात घातला. चकत्या तारेत ओवून मी आत धरल्या. त्या लाल झाल्या, तशा तांब्यातल्या पाण्यात सोडल्या. चुर्र झालं.

आबा धुरातून म्हणाले, “ह्या बसवल्या म्हंजी पेंढा सुकाच ऱ्हानार?”

“व्हय, आबा.”

“आन बंब?”

मी पाण्यातून चकत्या वेचायला लागलो. मला स्वतःचंच पडलं होतं.

चकत्या बसवल्या. बोल्ट आवळताना बोटांना कळतं, मऊ चकती कशी गपकन बसते ते. इंजिन पुसलं, पुन्हा पिठी भुरभुरली, मोटार घाटाच्या तोंडापर्यंत नेऊन आणली. पिठी कोरडी. सगळ्या पिचकाऱ्या गप्प. सहाण देवघरात परत गेली. संध्याकाळी बाईसाहेब म्हणाल्या, आज गंध फार छान उगाळलं जातंय, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

सकाळी साहेबांनी काठी बुडवली. मी आणि आबा दोन्ही बाजूंना उभे. काठी बाहेर आली. जेवढं लागायला हवं तेवढंच तेल गेलं होतं, खुणेला खूण. मी टोपी काढून हवेत उडवणार, एवढ्यात साहेबांनी काठी रुमालानं पुसली आणि शांतपणे म्हणाले, “सामान बांध.”

“साहेब?”

“गळती होती, हे तू दाखवलंस. पण तेल गळतीनं जात होतं की विक्रीनं, हे कुठं दाखवलंस? मी पाळत ठेवली. तू घाबरलास. चोरी थांबली. चोरी थांबणं हाच चोरी होत असल्याचा पुरावा. अंघोळ करून आलो की बोलू.” आणि पंचा खांद्यावर टाकून ते न्हाणीघरात गेले.

मी खोलीत गेलो. ट्रंक उघडली. कोट काढून घडी केला. खिडकीतून दिसत होतं, मळवलीकडची सगळी भातखाचरं पाण्यानं भरलेली. भावाला काय सांगायचं ते शब्द जुळवत होतो, तेवढ्यात न्हाणीघरातून अशी किंकाळी आली की झाडावरचे कावळे उडाले.

“आबा! पाणी! बर्फ आहे हे!”

मी आणि बाईसाहेब धावलो. दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून साहेबांचं डोकं बाहेर आलं होतं. कानांवर साबण, दात वाजतायत. बंबाच्या तोंडाशी ओलं सरपण धुमसत होतं आणि आबा फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे पुसत होते.

“बंब का पेटत नाही?” साहेबांनी दात वाजवत विचारलं.

“पेंढा सुका हाय, सायेब.”

“मग सुका पेंढा पेटायला नको?”

“पेटतो आन लगीच इझतो. वल्ल्या लाकडाला त्यो काय पुरनार?” आबा उठून उभे राहिले. मला वाटतं, इरलं काढून ठेवल्या दिवसापासून हे वाक्य त्यांच्या मनात शिजत होतं. “आजवर तुमी मोटारीच्या त्येलानं अंघुळ करत हुता. जितकं काठीवरनं जायाचं, तितकं तुमच्याच पाठीवरनं जायाचं. आता डायवरनं त्येल बंद केलं, पानीबी बंद झालं. त्यानं जर त्येल बाजारात इकलं असतं, तर तुमचं पानी कशानं तापलं असतं?”

साबणाचा फेस साहेबांच्या कानावरून खाली घसरत होता, पण ते हलले नाहीत. वकील विचार करतो तेव्हा त्याला थंडी वाजत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी सगळ्या बाजूंनी ते वाक्य तपासलं असणार, फट शोधली असणार. फट सापडली नाही. चकतीसारखं गपकन बसलं होतं.

बाईसाहेबांनी तोंडाला पदर लावला होता. त्यांचे खांदे हलत होते.

“ड्रायव्हर,” शेवटी साहेब म्हणाले.

“जी साहेब.”

“ट्रंक उघडलीस?”

“हो साहेब.”

“बंद कर.” आणि दार लावून घेतलं. आतून गार पाण्याचा तांब्या अंगावर घेतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक इंग्रजी शब्द, जो उस्तादाच्या लॉरीवरही मी ऐकला नव्हता.

माझी टोपी राहिली, कोट राहिला, आबाही राहिले. पुढची पुष्कळ वर्षं मी ती गिरणी खंडाळ्याच्या चढावर नेली. पण त्याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही.

मी गॅरेजमध्ये एकटा होतो. बाहेर पावसाची झड. साहेब आले, मागं वळून पाहिलं, दार अर्धं लोटलं. नाक लाल, गळ्याला मफलर, हातात काठी.

“ती चकती,” ते हळूच म्हणाले, “ठोक्यांची. एक राहिली होती ना?”

“आहे साहेब.”

“एखाद्या पिचकारीला… एकाच… बसवता येईल? पावसाळ्यापुरती.”

मी चकती खिशातून काढली. ती लुकलुकली. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काठीकडे. माणूस खरंच गारठला होता? की हा नवा सापळा होता, मी चकती बसवायची आणि उद्या सकाळी काठी पुन्हा बुडायची?

“नको साहेब,” मी म्हणालो. “तेल जाईल.”

त्यांनी मफलर घट्ट ओढला. “शहाणा आहेस,” ते म्हणाले आणि शिंकले. ते कौतुक होतं की निराशा, देव जाणे. मी दाराआड उभा राहून त्यांना जाताना पाहिलं. व्हरांड्याकडे जाता जाता ते न्हाणीघरापाशी थांबले आणि धुराड्याकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले.